वही आणि मीटर

आमच्या अण्णांच्या वहीचं पहिलं पान ११ जानेवारी १९८८ चं आहे. "ओतूर ते कल्याण. टोमॅटो ७२ खोकी. घाटात धुकं. मीटर बंद." एवढंच. खाली डिझेल, कल्याणच्या मार्केटातली हमाली आणि दोन चहा. अण्णा आणि मामांनी भागीत घेतलेल्या जुन्या मॅटाडोरची ती पहिली फेरी. गाडी आणली तेव्हा तिच्या मीटरची केबल तुटलेली होती. म्हणून अण्णांनी रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून अंतर मोजलं आणि वहीत लिहिलं. पुढे केबल बसवली, पण लिहिण्याची सवय सुटली नाही. १९९९ पर्यंतच्या तीन वह्या माझ्या कपाटात आहेत.

२०२२ च्या उन्हाळ्यात मला स्वतःला पिकअप घ्यायची वेळ आली, तेव्हा त्या पुन्हा बाहेर काढल्या.

नारायणगावजवळ माझी भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, फ्लॉवर, झेंडू. रोपं ट्रेमध्ये वाढतात आणि ट्रेसकट शेतकऱ्याच्या बांधावर पोचवावी लागतात. जुन्नर, आंबेगाव, कधी संगमनेर, कधी पारनेर. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वर क्वचितच. इतकी वर्षं भाड्याच्या गाडीवर भागवलं. पण भाड्याच्या गाडीला चार जणांचा माल असतो, आणि रोप उन्हात तासभर जास्त थांबलं की मान टाकतं. गाडी स्वतःचीच हवी, हे कळत होतं. नवी घेतली तर हप्ता बारा महिने चालणार आणि माझा हंगाम जेमतेम सात महिन्यांचा. मग जुनी घ्यायची, पण फार न चाललेली. ती कशी ओळखायची, हा प्रश्न होता. त्याचं उत्तर मला शोरूममध्ये मिळालं नाही, वहीत मिळालं.

ज्या वाटेवर अण्णांची मॅटाडोर चालली, ती वाट गाड्यांहून फार जुनी. जुन्नर ही घाटावरची पेठ आणि कल्याण हे खाडीवरचं बंदर, आणि दोन हजार वर्षांपूर्वी या दोहोंना जोडत होता नाणेघाट. माल बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांतून उतरायचा आणि चढायचा. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं आमच्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण यांचे आकडे त्यात कोरले आहेत, आणि भारतातल्या जुन्यात जुन्या अंकचिन्हांत त्यांची गणना होते. मी आठवीत असताना अण्णांनी मला तिथे नेलं होतं. भिंतीला हात न लावता बोट दाखवून ते म्हणाले, "कल्याणला माल नेणारे आपण काही पहिले नाही." त्यांच्या वह्या मी जपून ठेवल्या, त्यामागे ती दुपार आहे.

चाकाची गाडी या डोंगरांत उशिरा आली. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे गेली. जुन्नरच्या माणसाला मात्र बोरघाट म्हणजे लांबचा वळसा. आमच्या आजोबांचा खटारा होता. आज खटारा म्हटलं की मोडकी गाडी डोळ्यांसमोर येते, पण तो शब्द मुळात माल वाहणाऱ्या बैलगाडीचा. माणसं दमणीत किंवा छकड्यात बसायची, माल खटाऱ्यात. मोटारी आल्यावर चांगल्या बैलगाडीचं नाव वाईट मोटारीला चिकटलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता टेम्पो. महाराष्ट्रात कुठल्याही खेड्यात जाऊन विचारा, माल नेणाऱ्या छोट्या गाडीला टेम्पोच म्हणतात, मग ती कुठल्याही कंपनीची असो. हे नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्गचं. विडाल अँड सोहन ही तिथली कंपनी. तिच्या गाड्यांचं नाव टेम्पो. १९२८ च्या सुमारास जर्मनीत कायदा झाला की २०० सीसीच्या आतल्या हलक्या तीनचाकीला ना कर, ना चालकाचा परवाना. त्या सवलतीत बसेल अशी गाडी बेकरीवाल्याला, कोळसेवाल्याला, भाजीवाल्याला परवडली, आणि टेम्पो तिथल्या छोट्या धंदेवाल्यांची गाडी झाली.

ती इथे आणली नवलमल फिरोदियांनी. फिरोदिया नगरचे, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले. इटलीतल्या मालवाहू तीनचाकीवरून आपल्याकडे प्रवासी ऑटोरिक्षा आणण्याची धडपड त्यांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस केली होती. १९५८ मध्ये त्यांनी विडाल कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो काढली आणि हान्सीट ही तीनचाकी बनवायला घेतली: पुढे एक चाक, मागे दोन, मागे हौदा. १९६४ मध्ये व्हायकिंग ही चारचाकी आली, १९६९ मध्ये मॅटाडोर. या कंपनीचा आकुर्डीचा कारखाना आमच्यापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखा. जर्मनीत टेम्पो हे नाव पुढे मावळलं. इथे कंपनीने स्वतःचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स केलं, तरी शब्द गेला नाही. लग्नपत्रिकेच्या मागे अजून "टेम्पोची सोय केली आहे" असं छापलेलं मी पाहिलं आहे.

मॅटाडोरबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण तिने आमचं घर उभं केलं. तिचा हौदा जमिनीपासून फार उंच नव्हता, खोकी हातानेच चढायची. केबिनमध्ये इंजिनाची धग यायची. माळशेजच्या चढावर अण्णा ओलं फडकं पायावर टाकून बसायचे. रात्री दहाला ओतूर सोडायचं, मुरबाडला चहा, पहाटे चारच्या आत कल्याण. मालाला भाव पाचला फुटायचा. मॅटाडोर येण्याआधी गावातला शेतकरी ट्रकच्या मुकादमावर अवलंबून होता. ट्रक भरेपर्यंत थांबायचं. तुमची वीस खोकी असली तर ती शेवटी चढणार, आणि मार्केटात शेवटी उतरणार. वहीत १९८९ च्या जूनमध्ये एक ओळ आहे: "आज पाचच्या आत पोचलो. खोक्यामागे ८ रुपये जास्त." हे आठ रुपये म्हणजे छोट्या गाडीचा सगळा इतिहास आहे असं मला वाटतं. गाडी माल वाहते हे खरं, पण तिच्यामुळे माणसाची वेळ त्याच्या स्वतःच्या हातात येते.

ही मॅटाडोर अण्णांना नवी कधीच परवडली नसती. भागीत ५८,००० रुपयांना घेतलेली ती तिसऱ्या हाताची गाडी. छोट्या मालवाहू गाड्यांविषयी लिहिताना सगळे कारखान्यांच्या तारखा देतात, मीही वर दिल्या. पण आमच्या तालुक्यात हा धंदा पसरला तो दुसऱ्या आणि तिसऱ्या हाताने. शहरातला व्यापारी पाच-सहा वर्षं गाडी वापरायचा, मग ती गावाकडे यायची आणि इथे तिचं खरं काम सुरू व्हायचं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला जपानी सहकार्याने हलके ट्रक आले: टोयोटा, मित्सुबिशी, माझदा, निस्सान, प्रत्येकाबरोबर एकेक भारतीय भागीदार. त्यांना उत्तर म्हणून टाटांच्या टेल्कोने १९८६ मध्ये पुण्यात ४०७ काढली. जपानी येन महागला तसे बाहेरून येणारे सुटे भाग महाग होत गेले, आणि ४०७ ने बाजार धरला. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सुमंत मुळगावकर हमरस्त्यावरच्या ढाब्यांवर बसून ट्रकवाल्यांशी बोलत, त्यांच्या अडचणी ऐकत, हे तर प्रसिद्धच आहे. १९८८ मध्ये टेल्कोची टाटामोबाइल ही पिकअप आली. महिंद्राच्या जीप १९४७ पासून मुंबईत जोडल्या जात होत्या. त्याच घराण्यातून पुढे बोलेरो आणि तिची पिकअप. २००५ च्या मे महिन्यात टाटा एस आली, ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, आणि लोकांनी तिला छोटा हाथी करून टाकलं. तीनचाकीच्या मालकाला चारचाकीचा मान तिने दिला.

या सगळ्यांत कायद्याचा हात फार मोठा आहे आणि त्याकडे कोणी पाहत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात एक साधी तरतूद आहे: मालासकट एकूण वजन ३,००० किलोच्या वर जात नसेल, तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. आरसी बुकातलं वजन वाचा, कितीतरी पिकअप या रेषेच्या जेमतेम आत थांबलेल्या दिसतील. हॅम्बुर्गची तीनचाकी २०० सीसीच्या रेषेने घडवली, आपली पिकअप ३,००० किलोच्या.

जुनी गाडी घ्यायची म्हटल्यावर पहिला अनुभव वाईट आला. पुण्याकडच्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे २०१४ ची पिकअप पाहिली. मीटर ५२,००० दाखवत होतं, रंग नवा, आतलं रेक्झिन नवं. मी बसून ब्रेकवर पाय ठेवला तर पेडलचं रबर झिजून लोखंड उघडं पडलेलं. गिअरच्या दांडीची मूठ आरशासारखी गुळगुळीत. माझ्याबरोबर मिस्त्री होते. त्यांचे वडील नारायणगावात तमाशाच्या फडांच्या ट्रकची कामं करायचे. यात्रांच्या सुपाऱ्या ठरवायला फडांच्या राहुट्या इथे पडतात, तेव्हा हंगामाआधी सगळे ट्रक त्यांच्या गॅरेजला उभे असत. अशा घरातला माणूस. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. मागच्या पाट्यांखाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, ह्या गाडीनं लय ओझं वाहिलंय. पाट्यातला बाक गेलाय." पुढे गाडीच्या नंबरवरून सर्व्हिसची नोंद काढली, तर दोन वर्षांपूर्वीच ती १,७०,००० च्या पुढे गेलेली होती.

मीटर फिरवणं नवं नाही. जुन्या मीटरला पाचच आकडे असायचे. ९९,९९९ नंतर ते आपोआप शून्यावर यायचं. केबल काढून ठेवली की मीटर उभं. गाडी विकताना कमी दिसावं म्हणून कित्येक जण केबल तुटली की पुन्हा बसवतच नसत. अण्णांच्या मॅटाडोरची केबल आपणहून तुटली होती की कोणी काढली होती, हे त्यांना कधी कळलं नाही. आता मीटर इलेक्ट्रॉनिक आहेत आणि खोटेपणा लॅपटॉपवरून होतो. यात बळी जातो तो रोजच्या भाकरीसाठी गाडी घेणारा माणूस. तो पहिल्या महिन्यात फेऱ्या करतो आणि दुसऱ्या महिन्यात इंजिन उतरवतो. ही फसवणूक कोणी किरकोळ समजू नये.

दुसरी गाडी गोळेगावच्या बाजूला एका द्राक्षबागायतदाराच्या शेडमध्ये होती. २०१० ची पिकअप, एकाच हातची, मीटर ३८,६४०. बारा वर्षांत एवढंच, म्हणजे दिवसाला नऊ किलोमीटरसुद्धा नाही. पहिल्या अनुभवानंतर माझा विश्वास बसेना. गाडीचे मालक आबा सत्तरीचे, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, गाडी चालवणं सोडलेलं. "निवांत बघा ताई, घाई नको," म्हणाले, आणि घरात जाऊन एक वही घेऊन आले. पिवळ्या पुठ्ठ्याची, शाळकरी. प्रत्येक वेळी डिझेल भरल्याची तारीख, लिटर आणि रीडिंग. खताची फेरी, औषधाची फेरी, क्रेट रस्त्यापर्यंत पोचवल्याची फेरी. शेवटची पानं लॉकडाऊनची. दोन वर्षांत ३०० किलोमीटरही नाहीत.

मी तिथेच बाजेवर बसून वही वाचली. अक्षर वेगळं होतं, बाकी सगळं अण्णांचंच.

तरीही मिस्त्रींनी गाडी कसून पाहिली, आणि पाहायलाच हवी होती. कमी चाललेली जुनी गाडी म्हणजे नवी गाडी नव्हे, हे मी खर्च करून शिकले. चालून गाडी झिजते तशी उभी राहूनही खराब होते. टायरवर नक्षी शिल्लक होती, पण कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तिथे १८१० होतं. म्हणजे टायर बारा वर्षांचे, रबराला बारीक चिरा. ब्रेकच्या व्हील सिलिंडरमधलं रबर फुगून चिकटलेलं. डिझेलच्या टाकीत तळाला गाळ. रबरी पाइप दाबले तर कुरकुरत होते. उंदरांनी मागच्या दिव्यांची वायर खाल्लेली. बॅटरी मेलेली. पण पाट्यांना बाक होता, चेसिसला जोड नव्हता, हौद्याच्या पत्र्याला मुक्या माराचे पोचे नव्हते, आणि ब्रेक पेडलच्या रबरावर कारखान्यातल्या रेघा अजून दिसत होत्या. इंजिन पहिल्या कळीला नाही, पण नवी बॅटरी लावल्यावर चालू झालं आणि धूर निवळला.

२,६०,००० ला व्यवहार ठरला. इसार दिला, पावती केली. कागद पाहिले: कर्जाचा बोजा कधीच उतरवलेला, फिटनेस आणि विमा संपलेला. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप काढली, ती गाडी नावावर करायला लागते. दुरुस्तीचा हिशोब वहीत आहे: चार टायर २४,०००, ब्रेक ७,२००, टाकी, फिल्टर आणि पाइप ५,६००, बॅटरी ५,९००, वायरिंग ४,६००. एकूण ४७,३००. हे पैसे गाडीच्या किमतीतच धरून चाला, असं मी आता प्रत्येकाला सांगते. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला पर्यावरण कर असतो आणि फिटनेस दर वर्षी करून घ्यावी लागते, तेही धरा. तरीही नव्या गाडीच्या एका वर्षाच्या हप्त्यांचा हिशोब मांडून पाहिला, तेव्हा माझं मन निश्चिंत झालं.

हौद्यात आम्ही ट्रेसाठी लोखंडी मांडणी बसवली, वर हिरवी जाळी. पहिली फेरी १४ जूनला, टोमॅटोची रोपं घेऊन ओतूरला. माळशेजच्या फाट्यापर्यंत तीच वाट. आबांच्या वहीत पुढची बरीच पानं कोरी होती. मी त्यांना विचारून तीच वही पुढे चालू ठेवली. त्यांच्या शेवटच्या ओळीखाली माझी पहिली ओळ आहे. आता त्या वहीत रीडिंग ६५,९१२ आहे. ज्याला उद्या ही गाडी घ्यायची असेल, त्याला वहीसकट मिळेल.

कारखान्यांचा इतिहास कारखाने लिहून ठेवतात. कल्याणला पहाटे चारला पोचलेल्या माणसांचा इतिहास त्यांच्या घरात आहे, डिझेलच्या वह्यांत, हमालीच्या पावत्यांत, जुन्या आरसी बुकांत, आणि तो दर दिवाळीला रद्दीत जातो. जुन्नर, आंबेगाव, मुरबाड या पट्ट्यात ज्यांच्या घरी टेम्पो, मॅटाडोर, ४०७ चालली असेल, त्यांना माझी विनंती आहे: त्या वह्या टाकू नका. ठेवायला जागा नसेल तर मला द्या, मी अण्णांच्या वह्यांशेजारी ठेवीन.